माधवदास पोकळी आणि पोटातला कचरा

मराठी घरात सकाळी सकाळी एकमेकांची दोनच प्रकारे विचारपूस होते. एक म्हणजे "चहा झाला का?" आणि दुसरी म्हणजे "झालं का साफ?" दुसऱ्या प्रश्नाला कर्ता लागत नाही, कर्म लागत नाही, विचारणाऱ्याला संकोच नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही नाही. आमच्या पिढीतल्या अनेकांनी रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल घेतलेलं आहे आणि त्यावर मिळालेली खडीसाखर कधी पुरलेली नाही. त्यामुळे "मोठं आतडं आतून धुऊन घ्या, वर्षानुवर्षं साठलेली घाण काढा" अशी जाहिरात आली की ती आपल्याला परकी वाटत नाही. हे तर आजी म्हणायचीच की!

हल्ली नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप गटावर दर पंधरा दिवसांनी असली एखादी जाहिरात येते. 'कोलन हायड्रोथेरपी', 'डिटॉक्स', 'आंत्रशुद्धी'... सोबत पाच, सात नाहीतर दहा सत्रांचं पॅकेज. आणि खाली हमखास एक वाक्य असतं, की ही आपल्या ऋषिमुनींची हजारो वर्षं जुनी पद्धत आहे. मामीने परवा सरळ मलाच विचारलं, "तू एवढं वाचत असतोस, हे खरं का रे?" फोनवर उत्तर दिलं असतं तर तिची मालिका सुरू व्हायची वेळ झाली असती, म्हणून इथे लिहितो आहे. मामी, लांबलंय जरा.

पहिली गोष्ट म्हणजे हे एक प्रकरण नाही, तीन आहेत. आयुर्वेदातली बस्ती, हठयोगातली बस्ती आणि पाश्चात्त्यांचा एनिमा. तिन्हींत मार्ग एकच असला तरी प्रवासाचा हेतू वेगळा आहे.

आयुर्वेदातल्या बस्तीचं नावच तिच्या उपकरणावरून पडलंय. बस्ती म्हणजे मूत्राशय. पूर्वी बोकड, म्हैस वगैरे प्राण्यांचं मूत्राशय कमावून त्याची पिशवी करत, तिला नळी जोडत आणि पिशवी दाबून औषध आत सोडत. पंचकर्मातला हा प्रमुख उपचार, वाताच्या विकारांवर तर अर्धी चिकित्सा म्हणून गौरवलेला. पण गंमत बघा, त्यातल्या अनुवासन बस्तीत औषधी तेल आत सोडतात आणि ते काही तास आतच राहावं अशी अपेक्षा असते. काढ्याची निरूह बस्ती लवकर बाहेर येते, तेल मुरतं. म्हणजे नुसतं 'धुऊन काढणं' हा इथे विचारच नाही. वैद्याच्या दृष्टीने हा औषध देण्याचा रस्ता आहे. त्याचा उपयोग किती नि कुठे हा वेगळा वाद. मुद्दा एवढाच, की नळाच्या पाण्याने आतडं खंगाळून काढणाऱ्या यंत्राला चरकाचं नाव लावणं म्हणजे चरकावर अन्याय आहे.

हठयोगातली बस्ती त्याहून अजब. पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिके'त धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी सहा कर्मं सांगितली आहेत. बस्तीचं वर्णन असं, की साधकाने नाभीपर्यंत पाण्यात उकिडवं बसायचं, गुदद्वारात नळी घालायची आणि पाणी आत ओढून घ्यायचं. पिशवी नाही, पंप नाही, वरून भांडं टांगलेलं नाही. पाणी खाली आणि माणूस वर! (आणखी एक गोष्ट जाहिरातवाले कधीच सांगत नाहीत. ह्याच ग्रंथात म्हटलंय की मेद आणि कफ ज्याला जास्त असेल त्यानेच ही षट्कर्मं करावीत, इतरांना गरज नाही. म्हणजे 'प्रत्येकाने वर्षातून दोनदा' हे ऋषिमुनींचं नव्हे, पॅकेजवाल्यांचं.)

आता प्रश्न असा, की पाणी वर चढतं कसं? शेकडो वर्षं हे करणारे करत होते, बघणारे थक्क होत होते आणि पाश्चात्त्य विद्या शिकलेले लोक बहुतेक थापा समजून सोडून देत होते. ह्या प्रश्नाची उकल करणारा माणूस आपल्यातला होता, आणि त्याची ही गोष्ट मला ह्या सगळ्या इतिहासातली सर्वांत आवडती आहे.

जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेलं शरीर, टिळकांच्या काळात पेटलेलं मन. खानदेशात अंमळनेरला शिक्षणसंस्थेत काम करत असताना नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासांशी त्यांची गाठ पडली आणि पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं. गुरूने जे शिकवलं ते त्यांनी भक्तिभावाने घेतलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणयंत्रापुढे योगक्रिया करवून आत काय होतं ते बघायला त्यांनी सुरुवात केली. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघालं. पहिल्याच वर्षात उड्डियान आणि नौलीवरचे प्रयोग आले.

ते प्रयोग कसे केले असतील ह्याची कल्पना करून बघा. नौली म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट खपाटीला न्यायचं आणि मधले स्नायू तेवढे दोरखंडासारखे पुढे काढायचे. नौली उत्तम जमणाऱ्या साधकाच्या मोठ्या आतड्यात नळी घालून तिचं दुसरं टोक मॅनोमीटरला, म्हणजे दाबमापकाला जोडलं. साधकाने नौली केली आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या खाली उतरला. अर्धवट निर्वात पोकळी तयार झाली! मग पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतरच नाही. शाईच्या पेनाचा फुगा दाबून सोडला की दौतीतली शाई वर येते, तसंच. सिद्धी नाही, चमत्कार नाही, थापही नाही. कुवलयानंदांनी ह्या पोकळीला गुरूचं नाव दिलं, 'माधवदास पोकळी'. गुरूदक्षिणा म्हणून आतड्यातला दाब! मला हे फार म्हणजे फार लोभस वाटतं.

पण एक बारीक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मॅनोमीटरने सिद्ध केलं ते हे, की पाणी वर जातं आणि का जातं. पाणी गेल्याने अंगातलं विष निघतं हे मॅनोमीटर सांगत नाही, सांगूही शकत नाही. पण तेव्हाच्या जगात ते वेगळं सिद्ध करावं असं फारसं कोणाला वाटत नव्हतं, कारण मोठं आतडं हे विषाचं कोठार आहे असं युरोप-अमेरिकेतले बडे बडे डॉक्टरच सांगत होते.

ही विषाची कल्पना तशी फार जुनी. इजिप्तचे लोक दर महिन्याला तीन दिवस लागोपाठ रेचकं घेतात, कारण सगळे रोग अन्नातूनच होतात असं त्यांना वाटतं, हे हिरोडोटसने लिहून ठेवलंय. पण तिला विज्ञानाचा कोट चढला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. रोगजंतू नुकतेच सापडले होते. १८८७ मध्ये पॅरिसच्या शार्ल बुशार ह्यांनी 'ऑटोइंटॉक्सिकेशन'वरची आपली व्याख्यानं छापली. मराठीत म्हणायचं तर आत्मविषबाधा. आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विषं तयार होतात, ती रक्तात जातात आणि डोकेदुखीपासून वेडापर्यंत सगळं काही त्यातूनच उद्भवतं. ऐकायला किती पटतं ना? मलाही पटतं. कुजकं काहीतरी आत आहे आणि ते वाईट आहे ह्याला पुरावा कशाला पाहिजे!

मग एकापेक्षा एक वल्ली ह्या रिंगणात उतरल्या. पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ म्हणाले, मोठं आतडं हा मुळात निरुपयोगी अवयव आहे, त्यातल्या जंतूंमुळे आपण लवकर म्हातारे होतो. उपाय काय, तर आंबवलेलं दूध प्या. बल्गेरियातले शेतकरी ते पिऊन दीर्घायुषी होतात असा त्यांचा दाखला. (आपल्याकडे ताक पिणाऱ्याला ह्यासाठी नोबेल देत नाहीत. मेचनिकॉफना १९०८ साली मिळालं, पण ते पांढऱ्या पेशींच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे.) ते स्वतः नियमाने आंबट दूध घेत आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने गेले.

लंडनला गाय्ज हॉस्पिटलमध्ये सर विल्यम अर्बथनॉट लेन होते. हातात जादू असलेला शल्यविशारद, मोडलेली हाडं पट्ट्यांनी जोडण्यात त्यांनी मोठं काम केलं. ह्या माणसाने विषाचं कोठार ही कल्पना इतकी मनावर घेतली की बद्धकोष्ठासाठी ते चक्क मोठं आतडंच कापून काढू लागले! ज्या काळात अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळात. काही रोगी गेले, काही कायमचे अधू झाले. १९१३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ह्यावर लांबलचक चर्चा झडली आणि हळूहळू शस्त्रक्रिया मागे पडल्या. लेन मात्र मोठे हिकमती. त्यांनी लिक्विड पॅराफिन, कोंडा आणि भाज्यांचा प्रचार सुरू केला, १९२५ साली 'न्यू हेल्थ सोसायटी' काढली आणि जाहीरपणे प्रचार करता यावा म्हणून १९३३ मध्ये डॉक्टरांच्या नोंदवहीतून आपलं नावच काढून घेतलं. आपल्याकडे अनेक घरांत ती गुलाबी-पांढरी बद्धकोष्ठाची बाटली असते ना, तिच्यातल्या लिक्विड पॅराफिनचे एक मोठे प्रचारक म्हणजे हे लेन.

आणि अमेरिकेत मिशिगनच्या बॅटल क्रीक गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग. हो, कॉर्नफ्लेक्सवालेच. त्यांच्या सॅनिटेरियममध्ये नुसती श्रीमंतांची रीघ. मांसाहार बंद, कोंडा सुरू, व्यायाम, आणि एनिमा, एनिमा, एनिमा. दह्याचे जंतू तोंडातूनही द्यायचे आणि एनिमातूनही. निरोगी माणसाला दिवसातून तीन-चार वेळा जावं लागलं पाहिजे, प्रत्येक जेवणानंतर एकदा, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडची म्हण तुम्हाला ठाऊक आहेच, एकदा जाणारा योगी, दोनदा जाणारा भोगी आणि तीनदा जाणारा रोगी. म्हणजे केलॉगसाहेबांचे सगळे निरोगी लोक आमच्या आजीच्या हिशेबात रोगीच!

न्यूयॉर्कमध्ये टायरेल नावाचे गृहस्थ ह्याच सुमाराला एक रबरी पिशवी विकत, तिच्यावर बसायचं आणि आपल्याच वजनाने पाणी आत जायचं. नाव 'जे. बी. एल. कॅस्केड', म्हणजे जॉय, ब्यूटी, लाइफ. (स्पीकरवाला जेबीएल वेगळा. हा मात्र वाजायचा की नाही, ठाऊक नाही.)

आपल्याकडे एनिमाचं भांडं घराघरात आणलं ते निसर्गोपचाराने. जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कुन्हे ह्यांचं म्हणणं असं, की सगळ्या रोगांचं मूळ एकच, शरीरात साठलेलं विजातीय द्रव्य, आणि ते मुख्यतः पोटात. कुन्हे आणि अडॉल्फ युस्ट ह्यांची पुस्तकं गांधीजींनी वाचली आणि स्वतःवर, घरच्यांवर, आश्रमातल्यांवर सगळे प्रयोग केले. कटिस्नान, पोटावर मातीची पट्टी आणि एनिमा. पुण्याला डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी अनेकदा राहिले, तिथेच आता राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थेचं बापू भवन आहे. १९४६ साली उरुळी कांचनला आश्रम सुरू झाला. आमच्या आजोबांच्या न्हाणीघरात खिळ्याला टांगलेलं पांढरं एनॅमलचं भांडं आणि त्याची तपकिरी नळी ह्याच वाटेने आली असणार. आम्हा पोरांना त्याची भुतापेक्षा जास्त भीती वाटायची.

आता विषाचं काय झालं ते सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. वॉल्टर अल्व्हारेझ ह्यांना १९१९ मध्ये एक साधी शंका आली. पोट साफ न झालेल्या माणसाचं डोकं दुखतं, सुस्ती येते, हे खरं. पण शौचाला जाऊन आल्यावर त्याला लगेच हलकं वाटतं, काही मिनिटांत. रक्तात विष भिनलं असेल तर ते मिनिटांत कसं उतरेल? दारू प्यायलेल्या माणसाच्या हातातली बाटली काढून घेतली म्हणून त्याची चढलेली उतरते का? १९२२ साली डोनाल्डसन नावाच्या डॉक्टरांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी काही लोकांच्या गुदाशयात चक्क कापूस भरला. स्वच्छ कापूस! काही तासांत तीच डोकेदुखी, तीच सुस्ती, तीच भूक मेलेली. कापूस काढला, सगळं गायब. विष कुठलं, तो नुसता ताण होता, भरलेल्या आतड्याच्या भिंतींवरचा.

मला लोणावळ्याचा मॅनोमीटर आणि अमेरिकेतला कापूस हे दोघे सख्खे भाऊ वाटतात. दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेले. एकाने सांगितलं, ही थाप नाही. दुसऱ्याने सांगितलं, हे विष नाही. दोघेही फार थोड्या लोकांना माहीत आहेत आणि जाहिराती मात्र 'टॉक्सिन'वर चालल्या आहेत.

त्यानंतर शंभर वर्षांत जे कळलं ते थोडक्यात. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, त्यामुळे 'वर्षानुवर्षं भिंतीला चिकटलेला थर' हे शक्यच नाही. दुर्बिणीने रोज हजारो आतडी तपासली जातात, तो थर कोणाला दिसत नाही. मग जाहिरातीत फोटो असतात त्या लांबलचक रबरी दोऱ्यांचं काय? त्या पुड्यांमधली औषधं वाचा. ईसबगोल आणि एक प्रकारची चिकणमाती. ईसबगोल पेल्यात दहा मिनिटं ठेवलं की काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. औषधच दोरी होऊन बाहेर येतं आणि तिला घाण म्हणून दाखवतात!

हे नुसतं निरुपयोगी असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मामीने पैसे घालवले असते, हलकं वाटलं असतं, विषय संपला असता. हलकं वाटतं हे खोटं नाहीच, अल्व्हारेझने ते का वाटतं तेच सांगितलं. पण १९७८ ते १९८० च्या दरम्यान अमेरिकेत कोलोरॅडोच्या पश्चिम भागातल्या एका उपचारकेंद्रात आतडं धुऊन घेतलेल्या निदान ३६ जणांना अमीबाची लागण झाली. उपकरणातूनच. त्यातल्या दहा जणांचं मोठं आतडं काढावं लागलं आणि त्या दहांपैकी सहा दगावले. कॉफीच्या एनिमाने क्षारांचं प्रमाण बिघडून झालेले मृत्यू १९८० मध्ये नोंदले गेलेत. मूत्रपिंड किंवा हृदय अधू असलेल्याला भलत्या वेळी भरपूर पाणी नि मीठ झेपत नाही. शंखप्रक्षालनाला हेच लागू, म्हणून जाणते योगशिक्षक आधी तुमचा रक्तदाब विचारतात.

आणि आमचे एक काका. (नातेवाइकांना कोणते ते कळेल, त्यांना विचारूनच लिहितोय.) अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांची सकाळची वेळ चुकायला लागली. कधी दोन दिवस काही नाही, कधी दिवसात चार वेळा. अधूनमधून रक्त. "मूळव्याध असेल," म्हणून आधी चूर्ण झालं. मग कोणीतरी एका शुद्धिकेंद्राचं नाव सांगितलं. दहा सत्रं. तिथे काचेच्या नळीतून वाहणारं पाणी दाखवत आणि सांगत, "बघा किती कचरा निघतोय, अजून पाच लागतील." काकांना दर वेळी बरं वाटायचं, दोन दिवस. रक्ताचा विषय त्या केंद्रात काकांनी काढला होता, "उष्णता निघतेय" असं उत्तर मिळालं. अशात सात महिने गेले. शेवटी जिना चढताना दम लागतो म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. दुर्बिणीने बघितलं तेव्हा आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ होती. कर्करोगाची.

शस्त्रक्रिया झाली, पुढची औषधंही झाली, आणि काका आज ठणठणीत आहेत. पण सर्जनने त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, की सात महिने आधी आला असतात तर कदाचित सलाइनच्या त्या सहा महिन्यांची गरज पडली नसती. तर मामी, आणि गटावरच्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाकी मंडळींनो, सवय अचानक बदलली आणि महिनाभर तशीच राहिली, रक्त दिसलं, किंवा उगाच वजन उतरलं, तर आतडं धुवायला नाही, बघून घ्यायला जा.

बघण्यासाठी ते धुवावं लागतंच, ही त्यातली गंमत. काकांना ठरावीक वर्षांनी तपासणीला जावं लागतं आणि आदल्या दिवशी ती पावडर घातलेलं दोन लिटर पाणी संपवावं लागतं. खारट, बुळबुळीत, वर लिंबाचा खोटा वास. गेल्या खेपेला रात्री अकरा वाजता त्यांचा फोन आला. म्हणाले, "दीड लिटर झालंय. तुझ्या त्या लोणावळ्याच्या स्वामींना पाणी खालून वर घ्यायची कला येत होती ना? ती आम्हाला कोणी शिकवली असती तर निदान चव तरी कळली नसती."